चौथीत पुनःप्रवेश

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींचा फोन आला.

"ताई, गुरुवारी तपासणीचे साहेब येतायत. परीक्षा आहे. तुम्ही या."

"मी कशाला, मावशी? परीक्षा मुलांची ना?"

"तुमचीपण. पटावर नाव आहे तुमचं. चौथीत."

माझं वय त्रेचाळीस. मुलगा अकरावीत आहे.

बाबांची शाळा एकशिक्षकी. एक खोली, चार भिंतींना चार फळे, चार इयत्ता. निवृत्तीचं वय उलटलं तरी त्यांच्या जागी यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तेच शिकवत राहिले. पटावर दहा मुलं असली तर शाळा चालू, नऊ झाली की बंद. मग पोरांनी रोज सात किलोमीटर चालून नदीपलीकडच्या शाळेत जायचं. अकरा वर्षांपूर्वी पट नऊवर आला. खोटं नाव घालणं बाबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी जुनी रजिस्टरं काढली आणि त्यांना सापडलं की चौथीच्या वार्षिक परीक्षेत मला गोवर आला होता, भूमितीचा पेपर न देताच मी पाचवीत गेले होते. पेपर नाही म्हणजे चौथी पूर्ण नाही. शेरा होता : 'पुनःप्रवेश. भूमिती कच्ची.'

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रोज पावणेअकराला बाबांचा फोन यायचा. "आहेस ना?" "आहे, बाबा." मी म्हणायचे, म्हातारपणी एकटं वाटत असेल. ती हजेरी होती. हजेरीपटात माझ्या नावापुढे ओळीनं बरोबरच्या खुणा होत्या, आणि मी फोन कापला त्या त्या दिवशी 'गैरहजर'. तोंडी परीक्षेची वहीही होती. 'प्रश्न : काटकोन किती अंशांचा? उत्तर : नंतर सांगते, बाबा. गुण : शून्य.' दर वर्षाच्या शेवटी नापास, आणि खाली एकच वाक्य : 'हुशार आहे, घाई करते. अजून एक वर्ष ठेवावे.'

गुरुवारी शाळेत साहेबांनी माझा प्रवेशाचा फॉर्म उलटसुलट करून पाहिला.

"कमाल वयाचा रकानाच नाही," ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "बसा. मुली डावीकडे."

बाकाखाली गुडघे मावेनात. मी तिरकी बसले. पेपर पन्नास प्रश्नांचा, प्रत्येकी दोन गुण. चौथीत मी एकटीच होते. बाकीची नऊ मुलं आपापले पेपर देत गेली, साहेब तिथल्या तिथे तपासून गुण फळ्यावर लिहीत गेले. माझ्या शेजारी तिसरीतली एक किडकिडीत मुलगी होती. तिला सगळे टाचणी म्हणत. तिचा पेपर कधीच झाला होता.

"नवांचे मिळून पाचशे सहासष्ट," ती फळ्याकडे बघत कुजबुजली. "शाळेची सरासरी साठ लागते. तुला चौतीस पाडायचेत."

"तुला?"

"एका बाकावर बसतो ना आपण? तुम्ही काय म्हणायचं!"

"आणि छत्तीस पडले तर?"

"पास होशील की! मग जा पाचवीत. इथे पाचवी नाही. पट नऊ."

"बत्तीस पडले तर?"

"सरासरी गेली. मग आम्ही सगळे नदीपलीकडे, तुझ्या नावानं खडे फोडत."

म्हणजे सतरा बरोबर, तेहतीस चूक. मी सतरा उत्तरं लिहून पेन ठेवलं, तर साहेब चष्म्यावरून बघून म्हणाले, "कोरी जागा दिसली तर पेपर रद्द."

चूक लिहिणं इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं. त्रिकोणाला किती बाजू? मी पाच लिहिलं आणि हात थांबला. समोरच्या भिंतीवर बाबांच्या अक्षरातला सातचा पाढा तसाच होता. टाचणीनं मला ढोसलं.

"आता रडू नकोस. सूर्य कुठे उगवतो?"

"पश्चिमेला."

"शाब्बास! असंच चालू दे."

तास संपताना मी पेपर दिला. साहेबांनी दोनदा बेरीज केली.

"चौतीस. नापास."

खोलीत एकच जल्लोष झाला. पहिलीतली दोन मुलं माझ्या गळ्यात पडली. टाचणीनं हुश्श करून बाकावर डोकं टेकलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "नापास विद्यार्थ्याच्या निकालावर पालकाची सही लागते. त्याशिवाय निकाल धरता येत नाही."

मी पेन उचललं.

"विद्यार्थ्याला स्वतःचा पालक होता येत नाही. वडील?"

"नाहीत," मी म्हटलं. परक्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगत होते.

साहेबांनी निकालपत्रक मिटायला घेतलं. तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत आत आल्या.

"आणा इकडे. आजपासून मी."

"नातं काय?"

"पंधरा दिवस शाळेची किल्ली माझ्याकडे आहे. ह्या खोलीतली पोरं माझ्या हातचं जेवतात. अजून काय नातं पाहिजे?"

साहेबांनी फॉर्मची मागची बाजू बघितली. तिथे 'स्थानिक पालक' असा रकाना निघाला. त्यांना हायसं वाटलं असावं. मावशींनी जीभ दाताखाली धरून हळूहळू सही केली. मग गुण वाचले, आणि कागद माझ्या नाकासमोर धरला.

"चौतीस? त्रिकोणाला पाच बाजू? सख्खा बाप मास्तर, आणि पोरीचे हे दिवे! लाज नाही वाटत?"

त्यांचा आवाज खरोखरच चढला होता. पोरं खाली मान घालून उभी राहिली. मीही राहिले. पंधरा दिवस जो तो माझ्याशी जपूनच बोलत होता. कोणी रागावलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी नीट अभ्यास करीन," मी म्हटलं.

"करशील तर खबरदार," मावशी म्हणाल्या. "ताटं घे. वाढायची वेळ झाली."