मूळ शब्द कृष्णाबाईंचे

बंगळूरच्या बनशंकरीत बावीस वर्षं खानावळ चालवून चंपाक्काला माणसांचे चेहरे वाचता यायला लागले होते. कुणी रागारागात जेवायला बसलं की तिला लांबूनच कळायचं. मग ती स्वतः गरम भाकरी घेऊन जायची, ताटात टाकायची आणि म्हणायची, "राग पोटात ठेवा, पण भाकरीला जागा सोडा." माणूस बहुधा हसायचं आणि जेवायचं.

एका दुपारी फोनवर कुणाशी तरी भांडून आलेल्या एका मुलीला तिनं हेच ऐकवलं. मुलगी पुण्याकडची, पहिल्यांदाच आलेली. ती हसली खरी, पण म्हणाली, "अक्का, तुम्हीपण मीम बघता?"

"काय बघते?"

मुलीनं फोन पुढे केला. गाल फुगवून बसलेलं मांजर, समोर भाकरी आणि खाली तेच शब्द. कन्नडमध्येही होतं, हिंदीतही. "सगळ्या ऑफिसांत फिरतंय हे. भारी उचललंत हं!"

मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण चंपाक्का आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. उचललंत! तिशी उलटेपर्यंत जिच्या हाताखाली राबले, त्या सासूचे हे शब्द. लग्नानंतर आठच दिवसांत, माहेरची आठवण काढून ती उपाशी बसली होती, तेव्हा कृष्णाबाई ताट घेऊन आल्या होत्या आणि पहिल्यांदा हे म्हणाल्या होत्या. अथणीच्या घरात, चुलीपाशी. तिथं मांजरसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अवधूत जेवायला आला. नागपूरचा पोरगा, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत कामाला; आठवड्यातले दोन दिवस घरून काम असलं की दुपारचा इथंच. चंपाक्कानं त्याला मांजराची गोष्ट सांगितली. अवधूतचा घास हातातच राहिला.

"अक्का, ते मीच केलंय," तो म्हणाला. "बॉसनं झापलं होतं त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात ना, मला लई भारी वाटलं. टाकून दिलं एका ॲपवर."

"मग तिथं नाव कुणाचं आहे?"

"माझं."

त्यानं खाली मान घालून सगळं समजावलं. ते ॲप ब्लॉकचेनवर चालतं. म्हणजे तिथं टाकलेल्या गोष्टीची नोंद एकाच वेळी हजारो कॉम्प्युटरांवर होते: काय टाकलं, कधी, कुणी. लोकांनी जितकं पुढे पाठवावं तितकी टाकणाऱ्याला टोकनं मिळतात, ती विकली की पैसे होतात. "ती सगळी तुम्हाला देतो, अक्का."

"मला कशाला? माझं तरी कुठं आहे ते? सासूबाईंचं नाव घाल."

"ते आता बदलता येत नाही. मलाच काय, कंपनीलाही नाही. एकदा लिहिलं की पुसलं जात नाही."

"खोटं असलं तरी?"

अवधूतनं होकारार्थी मान हलवली.

"मग खरं लिही की," चंपाक्का म्हणाली. "तेपण पुसलं जाणार नाही. सरी? बरोबर ना?"

कृष्णाबाईंचा एकच फोटो सापडला, पुतण्याच्या लग्नातला. अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. अवधूतनं तोच लावला. खाली लिहिलं, 'मूळ शब्द कृष्णाबाईंचे, अथणी. मी त्यांच्या सुनेकडून ऐकले आणि माझे म्हणून टाकले, हे चुकलं.' मांजर लाखभर लोकांनी पुढे पाठवलं होतं. हे पाठवलं एकतीस जणांनी. काहींनी अवधूतला चोर म्हटलं. तो रोज येऊन चंपाक्काला सगळं वाचून दाखवायचा, शिव्यासुद्धा. चंपाक्का त्याला भाजी जास्त वाढायची.

नवव्या दिवशी तो धावतच आला. "अक्का, बोम्मसंद्र्याहून एकानं लिहिलंय. रत्नाकर नावाचे. म्हणतात, ह्या बाईंना मी ओळखतो!"

रविवारी रत्नाकर स्वतः आला, अवधूतच्या शेजारी जेवायला बसला. तिथल्या कारखान्यात सुपरवायझर, पन्नाशीचा, तोही अथणीचा. जेवता जेवता म्हणाला, "कृष्णाक्का माझ्याकडं सायकल शिकल्यात, ठाऊक आहे?"

"आमच्या सासूबाई? काय तरीच काय बोलायलाय!"

"खरंच. मी कॉलेजात होतो. भल्या सकाळी गावाबाहेरच्या माळावर यायच्या, लुगड्याचा काचा घट्ट खोचून. कुणाला सांगशील तर बघ म्हणाल्या होत्या. आज पहिल्यांदा सांगतोय."

चंपाक्का हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. त्या दिवसांत सासूबाई गुडघे फोडून घरी यायच्या, विहिरीच्या पायरीवरून घसरले म्हणायच्या, आणि ती हळद गरम करून लावायची. किती वेळा लावली! एकदाही संशय आला नाही.

"आली का मग?" तिनं विचारलं. "सायकल?"

"आली तर! कॅनॉलपर्यंत एकट्या जायच्या. परत आल्या की तिथंच बसून हसायच्या."

चंपाक्कानं भांडं टेबलावर ठेवलं. रत्नाकरच्या समोरची खुर्ची ओढली आणि भर जेवणाच्या वेळी, गिऱ्हाईक दारात उभं असताना, खाली बसली. "आता पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. अवधूत उठला आणि वाढायला गेला.