सायीखालची चव

दोघी सख्ख्या जावा. थोरलीचा नवरा गेला, तेव्हा त्याचं कॉफीचं दुकान विकायचं की चालवायचं यावर घरात बरीच डोकेफोड झाली. शेवटी "बघू तर खरं" म्हणत दोघींनीच ते हातात घेतलं. थोरली यंत्रावर, धाकटी गल्ल्यावर आणि टेबलांवर.

थोरलीची जीभ म्हणजे सोनाराचा काटा. घोटभर कॉफी तोंडात घोळवून ती सांगायची, दाणे जुने झालेत की दळण जाड पडलंय. धाकटी तिला ताई म्हणायची आणि मनातून जरा टरकून असायची. घरी जेवणाच्या ताटावरही तोच काटा चालायचा, आणि धाकटीच्या भाजीला त्याने कधी पास केलं नव्हतं.

मग थोरलीच्या घशात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले. ती वाचली. आवाज घोगरा झाला, गळ्याची कातडी काळवंडली, पण एक दिवस पदर खोचून ती पुन्हा यंत्रापाशी उभी राहिली. धाकटीला रडूच आलं.

एक गोष्ट मात्र थोरलीने कुणालाही सांगितली नाही. तिच्या तोंडाची चव गेली होती. गोड, कडू, आंबट, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. डॉक्टर म्हणाले होते, परत येईलही, नाही येणारही.

म्हणून ती डोळ्यांनी चव घेऊ लागली. एस्प्रेसोवर जो तपकिरी फेस धरतो, त्याला यंत्र विकणारा माणूस 'क्रेमा' म्हणायचा. थोरली सायच म्हणायची. ती फिकट आली आणि बघता बघता विरली, तर पाणी भसकन उतरलंय, कॉफी आंबट लागणार. काळपट आली आणि मधोमध पांढरा डाग पडला, तर करपल्यासारखी कडू. तांबूस, दाट, चमच्याने बाजूला सारली तरी परत मिटणारी, म्हणजे जमली. इतक्या वर्षांची नजर होती. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही, धाकटीलाही नाही.

हिवाळ्यात दाणे भाजून देणाऱ्याने नवं मिश्रण पाठवलं. पहिलाच कप उतरला आणि थोरली हरखून गेली. अशी जाड, मखमली साय तिने कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

"काकांना दे हा," ती म्हणाली.

काका म्हणजे शेजारचे घड्याळं दुरुस्त करणारे. घड्याळांमुळे आणि स्वभावामुळेही सगळे त्यांना काटेकोर काका म्हणायचे. कपाचा तळ दिसल्याशिवाय ते कधी उठले नव्हते. त्या दिवशी दोन घोट घेऊन त्यांनी कप बाजूला सारला.

"काय झालं काका? साय बघा तरी कशी आलीय!" थोरली म्हणाली.

"दिसतं तसं नसतं, वहिनी," काका संकोचून म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

"म्हातारपणी जीभ बिघडते," थोरली पुटपुटली.

धाकटीने कप उचलून चाखला. जळक्या रबरासारखा कडवटपणा घशापर्यंत गेला. तिने दुसरा कप मागितला. तोही तसाच.

"ताई, ही तुम्ही चाखलीत?"

"चाखली की. छान आहे."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. तिला आधी कॉफी नाही, जेवण आठवलं. ताई आजारातून उठल्यापासून रोज म्हणत होत्या, "छान झालंय गं." भाजी, भात, सगळंच छान. मरणाच्या दारातून आल्यावर माणूस मऊ होतं, असं धाकटीला वाटलं होतं. त्या शब्दांवर ती किती दिवस तरंगत होती.

तिने दुकानाचं दार आतून लावून घेतलं.

"कधीपासून?"

थोरलीने फडक्याने यंत्र पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. "दवाखान्यातून आले तेव्हापासून."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगून? तू मला खुर्चीत बसवलं असतंस. 'ताई, तुम्ही आराम करा.' एकदा खुर्चीत बसले असते, तर मी परत उठले नसते गं." तिचा घोगरा आवाज मध्येच तुटला. "नवरा गेला, गळा गेला. एवढी जीभ होती माझी."

"आणि माझी भाजी?"

थोरलीने मान खाली घातली. "काय सांगणार होते? कष्टाने करत होतीस. खोटं, पण चांगलं बोलावंसं वाटलं."

धाकटीला राग आला होता, आणि त्या रागाचं करायचं काय ते कळत नव्हतं. ती कपबशा विसळत उभी राहिली. शेवटची बशी पालथी घालून म्हणाली, "दाणे परत पाठवते. भाजणाऱ्याने स्वस्तातल्या जातीचे मिसळले असणार. साय भरघोस, चव कडू."

"मला दिसलं नाही ते."

"ते दिसत नाही, ताई. ते चाखावंच लागतं."

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा पहिला कप धाकटी चाखू लागली. सुरुवातीला तिला "बरी आहे" पलीकडे शब्दच सापडेनात. थोरली डाफरायची, "बरी म्हणजे काय? जिभेच्या टोकाला लागते की मागे? गिळल्यावर उरते का?" धाकटी डोळे मिटून शोधायची, सांगायची, थोरली दळण बारीक करायची आणि साय न्याहाळायची. कधी दोघींचं जुळायचं, कधी कडाक्याचं भांडण व्हायचं. हळूहळू धाकटीची जीभ तयार झाली. थोरलीची परत आली नाही. पुढे डॉक्टरांनीही तो विषय काढणं सोडून दिलं.

घरी थोरली आता पोटासाठी जेवते. तरी एका रात्री घास चावता चावता थांबून तिने विचारलं, "आज कशी झालीय गं? खरं सांग."

धाकटीने स्वतःच्या ताटातली भाजी चाखली.

"खारट," ती म्हणाली.

"फार?"

"फार."

थोरलीने मान हलवली आणि पुढचा घास घेतला.