शून्यावरची शिट्टी

“आयुष्यात मी कॉपी केली नाही आणि कुणाला करू दिली नाही!” निवृत्त हेडमास्तरांनी आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं आणि लगेच बोट वर केलं. बोट वर, म्हणजे शिट्टी ऐकू आली. शिट्टी मात्र झालीच नव्हती. श्रवणतज्ज्ञ बाईंनी मुद्दाम ती शून्यावर ठेवून कळ दाबली होती.

अकरा वर्षं काहीच ऐकू न येणाऱ्या हेडमास्तरांच्या कानात ऑपरेशन करून बावीस टोकांची एक बारीक तार बसवलेली होती. प्रत्येक टोकाला किती वीज दिली की आवाज जेमतेम ऐकू येतो, ते शोधायचं आणि तो आकडा यंत्रात भरायचा, एवढंच काम. ही तिसरी खेप. आधी दोन्ही वेळा बावीसपैकी बावीस उत्तरं आली होती आणि घरी गेल्यावर फक्त मिक्सर ऐकू आला होता. बायकोचा आवाज येत नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं होतं, हे तिनंही सांगितलं नव्हतं.

टेबलाखाली हेडमास्तरांचा पाय शिवणयंत्र चालवत होता.

संगणकाच्या पडद्याची पाठ हेडमास्तरांकडे होती. मग यांना कळतं कसं? बाईंनी पुन्हा शून्यावर कळ दाबली. पडद्यावर हिरवा दिवा लागला. बाईंच्या शेजारी बसलेल्या हेडमास्तरांच्या बायकोनं चष्मा नाकावर सरकवला. समोर बोट वर.

“काकू, तुमचा चष्मा फार घसरतो.”

“नाक लहान आहे.”

“हिरवा दिवा लागला की होतं का लहान?”

काकूंनी मांडीवरची पर्स उघडली, बंद केली. “ऑपरेशनसाठी मीच हात धुऊन मागे लागले होते हो. नापास झाले की त्यांचा चेहरा बघवत नाही.”

“पण खोट्या आकड्यांवर बारीक आवाज पोचतच नाहीत. तुमचाही नाही.”

“माझ्या आवाजाचं काय एवढं! चपला घासत चालतेस म्हणून लग्नापासून ओरडायचे. अकरा वर्षांत एकदाही ओरडले नाहीत. तेवढंच सुख.” त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. या वेळी हिरवा दिवा लागलेला नव्हता.

काकूंची रवानगी बाहेर झाली. बाईंनी कागदावर लिहिलं : ‘आता यंत्र थेट कानाच्या नसेलाच विचारेल. तुम्ही नुसतं बसायचं.’

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?”

बाईंनी ‘नाही’ लिहिलं आणि खाली लाल पेनानं दोन रेघा ओढल्या.

हेडमास्तर बसले. बोट उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी तो हात मांडीखाली घालून त्यावरच बसले.

तासाभरात खरे आकडे यंत्रात गेले. बाई तळापासून हळूहळू आवाज वाढवत राहिल्या. टेबलाखालचं शिवणयंत्र थांबलं.

“हे भिंतीवरचं घड्याळ,” हेडमास्तरांनी विचारलं, “कधीपासून असं टकटक करतंय?”

बाईंनी त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवली, हळूच दार उघडलं आणि काकूंना काहीतरी बोलायची खूण केली.

अकरा वर्षांत बोलायचं पुष्कळ साठलं होतं. त्यातलं पहिलं काय काढावं? आणि काढलं, अन् पोचलंच नाही तर? काकू दारापासून चार पावलं आत आल्या. तोंड उघडलं. मिटलं.

“अगं,” हेडमास्तर खिडकीकडे बघतच म्हणाले, “पाय उचलून चाल ना जरा.”