शहाण्णवचा आकडा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण जन्मात वीतभरही पुढे गेलेले नाही. मी घरात व्यायाम करायची सायकल. माझ्या मुठी धरून पॅडल मारलं, की हृदयाचे मिनिटाला किती ठोके पडतात ते समोरच्या काचेवर दिसतं. कारखान्यातून निघाले तेव्हा मला याचा भारी तोरा होता.

मला घरी आणलं काकूंनी. काका घड्याळं दुरुस्त करत. रोज सकाळी काकू माझ्यावर बसल्या, की आकडा ऐंशीवरून एकशे तीसवर जाई. डोळ्याला भिंग लावून टेबलाशी बसलेले काका तिथूनच चिडवत, "अगं, तुझं घड्याळ पुढे पळतंय!"

एकदा काकूंनी त्यांनाच बळेबळे बसवलं. दहा मिनिटांत काकांच्या पोटऱ्या भरून आल्या, धाप लागली. पण आकडा शहाण्णवच्या पुढे सरकेना. काका खूश!

"बघ, चांगलं घड्याळ कितीही हलवा, चाल बदलत नाही."

"अहो, तुम्हाला साखरेचा त्रास आहे. एकदा डॉक्टरांना दाखवून या ना."

"तुझ्या सायकललाच दाखव," म्हणत ते उतरले. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

पुढे काकू आठवडाभराच्या तापानं गेल्या. माझ्यावर आधी टॉवेल आला, मग शर्ट, मग इस्त्री राहिलेले सगळे कपडे. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. एका खोलीत काका आणि मी. फार एकटं वाटायचं.

मग एक दिवस काका जिन्यातच मटकन बसले. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. परतल्यावर माझ्यावरचे कपडे काढता काढता ते स्वतःशीच बोलले, "डॉक्टर म्हणाले, अंगाला कष्ट पडले की हृदयानं पळायलाच हवं. साखरेनं रक्तवाहिन्या ताठ केल्या, हृदयाच्या नसा मंदावल्या, म्हणून ते वेग घेत नाही. आणि मी मेला शेखी मिरवत होतो!"

तेव्हापासून गोळ्या, पथ्य आणि रोज सकाळी मी. कित्येक महिने शहाण्णव ते शहाण्णवच. परवा मात्र आकडा हलला. अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशे चार!

काका मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत ओरडले, "अगं, पळालं बघ! पुढे पळालं!"

आतून उत्तर आलं नाही. काकांचे पाय थांबले. आकडा हळूहळू खाली आला.

मित्रांनो, "एकदा दाखवून या" म्हणून तुमच्या घरातही कुणी मागे लागत असेल. ते माणूस घरात आहे तोवरच त्याचं ऐका. आकडा मी दाखवीन. शाबासकी मला देता येत नाही.