डाव्या टाचेचं माप

"वहाणा मी शिवणार," असं मी म्हटलं तेव्हा कृष्णनाथकाका हसले. मला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. अकरा वर्षांची होते म्हणून काय झालं? आरी कशी धरायची ते मला पाटी-पेन्सिलीच्या आधीपासून ठाऊक होतं!

गोव्यात धारगळच्या आमच्या वाड्यावर राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, दर जत्रेला वहाणांचा नवा जोड वाहतात. तो रात्रभर गावाची शीव फिरतो, त्यामुळे वर्षभरात वहाणांचे तळवे झिजतात. झिजलेला जोड शिवणाऱ्याच्या घरी परत येतो. बारा वर्षं तो जोड माझ्या बाबांनी शिवला. बाबा कोल्हापूरकडून आलेले. श्रावणात ते गेले. काका देवस्थानाचे कारभारी. यंदा त्यांनी म्हापशाच्या बाजारातून चकचकीत जोड आणून शिवेच्या धोंड्यावर ठेवला. महिना झाला तरी तळव्यांना मातीचा कणसुद्धा लागला नाही. राखणदार फिरतच नव्हता. गाव घाबरलं.

आई मात्र बोचकं बांधत होती. "चंद्रा, रविवारी मामा न्यायला येतोय. इथं आपलं कोण आहे गं?"

"मी आहे की! मी इथंच जन्मले."

पण आतून मलाही टोचत होतं. त्याच वर्षी गोवा राज्य झालं. शाळेत मराठीवाले आणि कोंकणीवाले भांडायचे, आणि माझ्यावर आलं की दोघांचं लगेच एकमत व्हायचं, "तू घाटी!" आमची खोपसुद्धा धोंड्याच्या पलीकडे, हायवेला लागून. राखणदार धोंड्यापर्यंत येतो आणि मागं वळतो. कुणीतरी मला 'आमची' म्हणावं, असं इतकं वाटायचं की रडू यायचं.

"त्यानं माझा जोड घातला तर काम आमच्याकडेच राहील ना?" मी काकांना विचारलं.

"राहील गो. पण त्याणें घालूंक जाय." त्यानं घालायला हवा, एवढीच अट.

घरी येऊन मी बाबांची ट्रंक उघडली. जुने बाराही जोड ओळीनं मांडले, आणि थक्क झाले. प्रत्येकात डावी टाच जाड! पहिल्या जोडात चामड्याची एक चकती जास्त, शेवटच्यात चार. म्हणजे राखणदार लंगडतो, आणि त्याचं लंगडणं वाढत चाललंय. बाबांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची लाज राखली होती त्यांनी.

पण यंदा किती चकत्या? अंदाजानं शिवलेली वहाण चावते. माप घ्यायलाच हवं होतं.

भर दुपारी धोंड्याकडे कुणी फिरकत नाही, ती त्याच्या विसाव्याची वेळ. मी गेले. घुंगरं वाजली आणि राखणदार समोर उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि उंची तर माडाएवढी. घाबरून मी दोन पावलं मागं सरले.

"कोणाची गो तू?"

पुन्हा तेच! शाळेत तेच, दुकानात तेच, आता ह्यानंही तेच विचारायचं? मी अशी संतापले की भीती कुठल्या कुठे पळाली.

"मी वहाणा शिवणारी! पाय पुढं करा."

त्यानं काठी खाली ठेवली. मग धोंड्यावर टेकला आणि लाजत डावा पाय पुढं केला. मी दोऱ्यानं माप घेतलं. पाच चकत्या.

"तुज्या बापायक खबर आशिल्ली," तो हळू म्हणाला.

"बाबांना ठाऊक होतं, तसं मलाही आहे. कुणाला सांगणार नाही."

दोन तळवे वाया गेले, चामडं कापायच्या रापीनं अंगठा कापला. तिसऱ्यांदा जमलं. शनिवारी संध्याकाळी मी बाजारचा जोड उचलला आणि माझा ठेवला.

रविवारी सकाळी काकांची हाक आली. वहाणा धोंड्यावरच होत्या, तळव्यांना ताजी तांबडी माती. मातीत ठसे उमटले होते. ते धोंड्यापाशी मागं वळले नव्हते. सरळ पुढं येऊन आमच्या खोपीला वळसा घालून गेले होते.

"कितें केलें गो तुवें?" काकांनी हात जोडत विचारलं.

"माप बरोबर घेतलं, एवढंच."

हायवेवर बस थांबली, मामा उतरला. आई बोचकं घेऊन दारात आली होती. तिनं ठसे पाहिले, खोपीभोवती शेवटपर्यंत चालत जाऊन पाहिले. मग खाली बसली, गाठ सोडली आणि रात्रीच बांधलेली बाबांची रापी काढून माझ्या हातात दिली.