महिपतीच्या माळ्यावर रोखलेली दुर्बीण

मित्रांनो, मी उल्हासनगर कॅम्प पाचमधली एक जुनी, फुटकी दुर्बीण आहे. हल्ली गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पडून असते. लोक मला भंगार म्हणतात आणि त्याचा मला राग येतो.

मला यशोधराने घडवलं. ती अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी काचेवर काच घासून माझा आरसा करायची. मग तिने मला मोटर, कॅमेरा आणि संगणक जोडला. अंधार पडला की पत्र्याचं छप्पर आपोआप सरकायचं, मी आपोआप वळायचे आणि ठरलेल्या ताऱ्याचे फोटो काढत बसायचे. ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो आणि पुन्हा चढतो. तेवढ्यावरून न दिसणारा ग्रह सापडतो. परदेशातले शास्त्रज्ञ यशोधराला ई-मेल करायचे, कारण त्यांच्याकडे ऊन असायचं तेव्हा आमच्याकडे रात्र असायची. मी तेव्हा भलतीच तोऱ्यात होते.

२००६च्या हिवाळ्यात एका नव्या ग्रहाची खात्री करायची होती. एका संध्याकाळी तो आपल्या ताऱ्यासमोरून जाणार होता आणि ते फक्त आमच्याच बाजूने दिसणार होतं; हुकलं तर पुन्हा कधी, कोणालाच सांगता येत नव्हतं. तारा पूर्वेला खूप खाली होता, म्हणून मी जवळजवळ आडवी झाले. समोर शेजारच्या महिपतीची इमारत होती, तारा तिच्या माथ्याच्या जरासा वर. त्याने नुकताच विनापरवाना माळा चढवला होता आणि असे माळे पाडणारं पथक गल्लीत फिरत होतं. माणसाशिवाय फिरणारा कॅमेरा आपल्याच माळ्यावर रोखलेला बघून त्याचं डोकं फिरलं.

जिना धडधडला. पहारी आणि घण घेऊन माणसं वर आली, गच्चीचं दार तुटलं.

"ही पालिकेला फोटो पाठवते. आमचा माळा मोजते," महिपती ओरडला.

"दादा, ही आभाळात बघते," यशोधरा म्हणाली. "ताऱ्याचा उजेड उतरायला लागलाय. थोडं थांबा, मग हवं तर तुम्हीच बंद करा."

"तोपर्यंत माझं घर जाईल ना, ताई. पोरं कुठं झोपवू?"

पहिली पहार कॅमेऱ्यावर बसली, दुसरी माझ्या नळीवर. यशोधराने मला मिठी मारली. तिसरी तिच्या बोटांवर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी तिने मला सोडलं नाही. त्यांनी तिला केसांना धरून ओढलं. मग घण पडला, आरशाचे तुकडे उडाले आणि एका तुकड्याने महिपतीचा दंड उभा चिरला. रक्त बघून सगळे पांगले.

उजेड उतरताना नोंदला गेला, चढताना नाही. अर्ध्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही. यशोधराची दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. महिपतीचा माळाही पुढे पडलाच.

मित्रांनो, न कळणारं यंत्र दिसलं तर हात उगारण्याआधी ते काय करतं, एवढं तरी विचारा. महिपतीने संगणकाच्या पडद्यावर एकदा नजर टाकली असती, तर त्याला कळलं असतं, तिथे फक्त तारे होते, माळा नव्हता. शेजारच्या इमारतीइतकं जवळचं मला दिसतच नाही. माझ्यावर पडणारा घणही मला दिसला नव्हता.