तुळसा बसली त्याची गोष्ट

तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, उतरणारं माणूस काय किमतीचं, हे हफीजाचाचीला ते चिखल तुडवत धक्क्यापर्यंत येईस्तोवर कळायचं. खाडीतल्या बेटाला इकडे जुवं म्हणतात. ह्या जुव्यावर घरं सव्वीस, माड अगणित, आणि चाचीच्या पडवीला लागून एक रिकामी खोली. नवरा हारुन मस्कतला गेल्यापासून ती खोली भाड्याने जाई. उतरणारे कोण, तर नारळाचे व्यापारी, नाहीतर टेकाडावरच्या देवीचा नवस फेडायला आलेली आतल्या गावांची कुळवाडी माणसं. कोण हिंदू, कोण मुसलमान, हा हिशेब चाची ठेवत नसे. भाडं आधी देणार की नंतर, एवढंच बघे.

त्या माघात काशीराम आणि तुळसा उतरले, तेव्हा मात्र चाचीचा अंदाज चुकला. नवऱ्याच्या डोक्यावर वळकटी, खांद्याला तांदळाची पिशवी, काखेत मसाल्याचा डबा, हातात तीन भांडी. आणि बायकोचे दोन्ही हात मोकळे. असं जोडपं पन्नास वर्षांत तिनं बघितलं नव्हतं.

"मी काशीराम, संगमेश्वराकडचा. गफूरचं पत्र आलं असेल ना, चाची?"

गफूर हा चाचीचा मुलगा, मुंबईला गोदीत. पत्र आलं होतं. 'माझा दोस्त आहे, भाडं जास्त घेऊ नकोस,' ही त्यातली शेवटची ओळ आपण वाचलीच नाही, असं चाचीनं ठरवून टाकलं होतं.

"दिवसाला सात. खोली, सरपण, पाणी."

"पाच."

"पाचात पडवी मिळते. खोलीला दार हाय."

काशीराम लाजला. "सहा. चार दिवसांचे आत्ताच मोजतो."

चोवीस रुपये हातात पडले तसा चाचीचा सूर निवला. तुळसा खोली बघायला आत गेल्यावर काशीराम हळूच म्हणाला, "एक सांगतो, हसू नका. हे चार दिवस हिला चुलीपुढं जाऊ द्यायचं नाय. लग्नाला दीड वर्ष झालं, मी दोनदा सुट्टीवर आलो. दोन्ही खेपेला ही अंधारात उठते नि अंधारात आडवी होते. आमच्यात नुसतं फिरायला जातो म्हटलं तर आई घर डोक्यावर घेईल. म्हणून नवसाचं निमित्त काढलं. वर्षभर पोटाला चिमटा काढलाय चाची."

"मग रांधणार कोण?"

"मी. गावात सांगतो हापिसात हाय. हाय हापिसातच, पण तिथल्या कॅन्टीनात. हिलापण काल यष्टीत कळलं."

चाचीनं त्याला वरपासून खालपर्यंत नव्यानं बघितलं. मुंबईहून ट्रान्झिस्टर आणणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. बायकोसाठी बसणं विकत आणणारा हा पहिलाच.

पण विकत आणलं तरी बसता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुळसानं आपल्या खोलीपुढचं अंगण झाडलं, आणि हात थांबेना म्हणून चाचीचंही झाडून काढलं. काशीरामनं केरसुणी काढून घेतली, तर ही कळशी घेऊन विहिरीवर. त्यानं कळशी काढून घेतली. मग बाई चटईवर जाऊन बसली ती परीक्षेला बसल्यासारखी, पाठ ताठ, हात मांडीवर.

"चाची, कायतरी द्या ना करायला. हात शिवशिवतायत."

"अगो, नवऱ्यानं दिवसाला सहा रुपये मोजलेत तुझ्या बसण्याचे. तासाला चार आणे पडतात. हे बघ, बोलता बोलता दोन आणे गेले."

तुळसा हसली, पण बसणं काही जमेना. काशीरामचं तोंड उतरलं. ओहोटीला त्यानं तिला वाळूच्या पट्ट्यानं खाडीच्या तोंडापर्यंत फिरवून आणलं. फिरण्याला पैसा पडत नव्हता. मुडदुशे मासे स्वस्त मिळाले तेवढे घेतले आणि रवा लावून असे खरपूस तळले की वासावरून चाचीनं आपली पेज बाजूला सारली. मागून घेण्याइतकी ती कधी खाली उतरली नव्हती. त्या दिवशी उतरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकू तरवाल्याची तर धक्क्याला लागली आणि तीतून एक म्हातारा उतरला. डोक्याला मुंडासं, हातात छत्री, छातीशी धरलेलं कागदाचं पुडकं. पडवीशी येऊन उभा राहिला आणि बघतच राहिला. चुलीपुढं खांद्यावर फडकं टाकून त्याचा मुलगा. चटईवर पाय लांब करून, ताटली मांडीवर घेऊन त्याची सून.

"काशीराम!"

"बाबा? तुम्ही?"

"ओटी भरायला आलात नि खण घरच्या फळीवर! तुझ्या आयशीच्या नजरेला पडला. तिनं मला पहिल्या यष्टीनं धाडलं." काशीरामच्या बापानं, रावजीनं, पुडकं पुढं केलं. "नि हे काय चाललंय? तू चुलीशी नि ही ऐसपैस? हाच काय नवस?"

खऱ्या नवसाचं माणूस खण विसरत नाही, आणि ह्यांच्याकडे खण नव्हता, हे चाचीला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण ते सांगायचे पैसे तिनं घेतले नव्हते. आता तिनं हिशेब केला. म्हातारा सुनेला ह्याच तरीनं घेऊन गेला की चार दिवसांचे झाले अडीच, आणि पुढच्या सुट्टीला निमित्तसुद्धा उरणार नाही. खोटं बोलण्यात चाचीचा हात धरणारं जुव्यावर कोणी नव्हतं, पण ऐन वेळी तिलाही काही सुचेना. काशीराम तर हातातला उलथणा विसरून गेला होता.

तुळसा उठली नाही. तिनं पदर पुढं ओढला, चटई हातभर मागं सरकवली आणि खाली बघून म्हणाली, "मामंजी, लांबनंच बोला. मी बाजूला बसल्येय."

रावजी दोन पावलं मागं. खण विटाळू नये म्हणून पुडकं पार डोक्याच्या वर. त्याच्या घरात बाई बाजूला बसली की चार दिवस चुलीला हात नाही, देवाचं तोंड नाही. पाचव्या दिवशी न्हाणं.

"कधीपासनं रे?" त्यानं मुलाला विचारलं. सुनेला विचारायची सोय नव्हती.

"आज सकाळधरनं," तुळसाच बोलली.

चाचीनं मनातल्या मनात तिची दृष्ट काढली. परवापासून म्हणाली असती तर दोन दिवस बुडाले असते. आजपासून म्हणजे पुरे चार, आणि देवी पाचव्या दिवशी! दोन दिवस ताठ बसलेली ही पोर काय ऐवजाची आहे, ते चाचीला आत्ता कळलं. आजवर नवरा तिला बसवत होता. आता ती बसली होती.

"देवीला आलात नि मासे?" रावजी अजून पुरता विझला नव्हता.

आता काशीरामलाही वाचा फुटली. "देवी पाचव्या दिवशी, बाबा. तवर पोटाला काय सांगू? नि हिचा हात चुलीला चालत नाय, तर रांधायचं कोणी? चाचीच्या हातचं खाल तुम्ही?"

"खावा हो खावा," चाची म्हणाली, "माझी कुठं ना हाय?"

रावजी खोकला. मग मुलानं वाढलेलं तेवढं खाल्लं. पहिले तीन मुडदुशे पटापट संपवले. चौथ्याला म्हणाला, "तुझ्या आयशीला हे सांगू नको."

"काय, बाबा? मी रांधलं ते?"

"असं लागलं ते."

हात धुतल्यावर त्यानं भाडं विचारलं. चार दिवसांचं पोचलंय, वरच्या तीन दिवसांचे अठरा, असं चाचीनं सांगितलं. म्हाताऱ्यानं कनवटी सोडली. एकेक नोट अशी काढली की बघणाऱ्याला दुखावं. त्यानं वीस दिले. चाचीनं त्याला पाच परत केले.

"तीन जास्त आले," रावजी म्हणाला. तोही मोजणाराच.

"असू देत. मुलाच्या पत्रातली एक ओळ वाचायची ऱ्हायली होती."

रावजीला ह्यातलं काही कळलं नाही. खण उंच खुंटीला अडकवून, चार सूचना मुलाला आणि एकही सुनेला न देता तो भरतीच्या तरीनं परत गेला.

होडी लांब गेल्यावर काशीराम मटकन खाली बसला. "तुला सुचलं कसं गो?"

"तुम्ही वर्षाचे पैसे साठवून चार दिवस आणलेत. मला ते दर महिन्याला मिळतात," तुळसा म्हणाली. "पण घरी नुसती चूल सुटते. शेण नाय सुटत, शेत नाय सुटत, सरपण नाय सुटत. हितं त्यातलं काय नाय, म्हणून म्हटलं बघू या कसं लागतंय."

"नि देवीला काय सांगशील?" चाचीनं विचारलं.

"तिलापण बायकांचं कळत असेल."

संध्याकाळी चाचीनं मुद्दाम तिसऱ्यांची टोपली आणून तिच्यापुढं आपटली. शेरभर शिंपल्या, उघडायला चांगला तास मोडावा. "हात शिवशिवत होते ना तुझे? घे."

तुळसानं टोपलीकडं बघितलं. मग चाचीकडं. डोळ्यांत हसू मावत नव्हतं, तरी तोंड सुतकी ठेवून ती चटईवर आणखी हातभर मागं सरकली.

"नाय हो चाची. आज माझा हात कसा चालंल?"

चाचीनं तिला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. मग विळी पुढं ओढली, फतकल मारून बसली आणि स्वतःच शिंपल्या उघडायला लागली.